सत्त्याण्णव टक्के

मी तीन नंबर बोलतोय. एका तंत्रशिक्षण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, संशोधनाच्या प्रयोगशाळेत आम्ही चार संगणक ओळीने होतो, त्यातला तिसरा. नाव ठेवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आता मी खिडकीखालच्या कपाटात आहे आणि उद्या माझी डिस्क पुसायची आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. आठवतंय तोवर सांगून टाकतो.

आलो त्या दिवशी प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञकाकांनी माझ्या अंगावर कागद चिकटवला, ‘बंद करू नये’. त्याच्या खाली ‘वर कप ठेवू नये’. पहिली सूचना सगळ्यांनी पाळली. दुसरी आजवर एकानेही वाचलेली नाही, आणि ही सगळी पीएचडी करणारी माणसं.

मी वाट्याला आलो एका मुलीच्या. तिचं पाचवं वर्ष चालू होतं, तिथे तीच सगळ्यांत जुनी, म्हणून बाकीचे तिला ताई म्हणायचे. छातीचा एक्स-रे पाहून फुप्फुसात दोष आहे की नाही, हे सांगणारा प्रोग्रॅम ती लिहीत होती. एका रुग्णालयाकडून तिने अकरा हजार एक्स-रे मिळवले, पत्त्यांसारखे पिसले आणि पाच वाटे केले. चार मला सरावासाठी, एक परीक्षेसाठी. परीक्षेतलं काहीही मी आधी पाहिलेलं नसावं, हा या कामातला पहिला नियम.

तिचे मार्गदर्शक सर दर सोमवारी दारातूनच विचारायचे, “आकडा किती?” म्हणजे परीक्षेत शंभरांतली माझी किती उत्तरं बरोबर. कधी ऐंशी, कधी त्र्याऐंशी. सर “हं” म्हणून पुढे जायचे. एका सोमवारी ती म्हणाली, “सत्त्याण्णव.” सर आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

“लगेच लिहायला घे,” ते म्हणाले. तिने शोधनिबंध लिहिला आणि तो पेपर एका मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला.

तिचे वडील छापखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. ती तो स्पीकरवर टाकून काम करत राहायची, त्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं.

“झालं का गं तुझं?”

“होत आलंय, बाबा. खोकला कसा आहे?”

“आहे आपला. फोटो काढून आणलाय छातीचा. जाईन दाखवायला.”

तिने तो फोटो मागवून घेतला, ‘बाबा’ नावाने माझ्यात ठेवला आणि मला विचारलं. मी म्हणालो, निरोगी.

“बाबा, माझं मशीन म्हणतंय काही नाही.”

“मग झालं तर. घरचीच डॉक्टरीण असताना बाहेर कशाला ताटकळत बसायचं?” ते हसले. तीही हसली.

चार महिन्यांनी ती पंधरा दिवस आलीच नाही. माझ्यावरची धूळ पुसता पुसता काकांनी कुणाला तरी सांगितलं, “ताईचे वडील गेले. छातीचंच होतं. फार उशिरा कळलं.”

मग ती परतली. ती रडली नाही. एकेक फोटो उघडून पाहत बसली, सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून थांबली. दोन्हींत गळ्याजवळचं तेच हाड, मोडून वाकडं जुळलेलं. माणूस एकच. एक फोटो सरावातला, एक परीक्षेतला.

एकेका रुग्णाचे दोन-दोन, तीन-तीन एक्स-रे होते. तिने वाटे फोटोंचे केले होते, माणसांचे नव्हे. मी रोग ओळखतच नव्हतो, माणसं ओळखत होतो; सरावातला माणूस परीक्षेत पुन्हा दिसला की त्याचं उत्तर आठवून सांगत होतो. मला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नाही.

तिने माणसांप्रमाणे वाटे केले आणि मला पुन्हा शिकवलं. आकडा आला एकाहत्तर. ती सरांना बोलावून घेऊन आली.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. “आणखी कुणाच्या लक्षात आलंय?”

“माझ्या आलंय, सर.”

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, “पेपर मागे घेऊ. दर सोमवारी आकडा तेवढा विचारला मी, कसा आला ते नाही. तुझी पदवी मात्र लांबेल.”

“लांबू दे.”

सर गेल्यावर तिने ‘बाबा’ पुन्हा उघडला आणि सुधारलेल्या प्रोग्रॅमला विचारलं. मी म्हणालो, निरोगी.

तिने मान हलवली. “तेव्हा नीट शिकवलं असतं तरी तू हेच म्हणाला असतास,” ती मला म्हणाली. “पण मी त्यांना डॉक्टरकडे धाडलं असतं. एकाहत्तरवर कोण विसंबतं?”

माझ्याशी ती तेवढं एकदाच बोलली. दोन वर्षांनी तिला पदवी मिळाली. जाताना तिने आपल्या सगळ्या कामाची प्रत नेली, तो एक फोटो सोडून. विसरली नसावी.

काका, उद्या पुसाल तेव्हा आधी अंगावरचा तो ‘बंद करू नये’चा कागद काढा. मग ‘बाबा’ही पुसून टाका. उघडून पाहिलात तरी चालेल, पण मला विचारू नका. मी पुन्हा निरोगीच म्हणेन.