लाल डोक्याच्या गिधाडाचं घरटं

मानसिंगच्या नशिबी गिधाडं आली, आणि तीही सापडेनात! लढाईत पाय अधू करून घेऊन तो इस्लामपूरकडे परतला, तेव्हा मुंबईच्या एका पक्षीवेड्या साहेबांनी त्याला शब्द दिला होता. लाल डोक्याच्या गिधाडाचं घरटं दाखव, वर मादी उबवत बसलेली हवी. संग्रहालयातली नोकरी पक्की. लंगड्या शिपायाला दुसरं काम कोण देणार? म्हणून तो पाटणचे डोंगर पालथे घालत होता.

"लाल डोक्याच्या गिधाडाचं घरटं पायजे. कुठं हाय?" गावोगाव त्याचा हाच घोशा. लोक नम्रपणे झाड सांगत. तिथं जावं, तर कधी घारीचं घरटं, कधी नुसतीच वानरं.

"समदी मिळून मला येड्यात काढत्यात!" तो रानात एकटाच ओरडे.

खोट त्याच्या खाकी चड्डीत होती. बेचाळीसनंतरचे दिवस, डोंगरात भूमिगत पोरं लपलेली. खाकीतला माणूस दुर्बीण लावून झाडी धुंडाळतोय म्हटल्यावर त्याला खरं कोण सांगेल? सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

साहेब घरटं बघायला कऱ्हाडला उतरणार, त्याच्या आदल्या दिवशी कोंडीबा नावाचा शेतकरी त्याला शोधत आला.

"मानसिंगराव, तुमच्या गावाकडं इचारून आलो. तुमी सरळ मानूस हाय. आमी लय फिरवलं तुमाला. चला, घरटं घावलंय."

मानसिंगचा दुखरा पायही पळू लागला. पण कोंडीबा रानाकडे वळलाच नाही, थेट घरी गेला. अंगणात त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, जेवायला पाट मांडला होता. शेजारी काटक्यांचा मोठा ढीग, आणि मधे पाल्यावर एक पांढरं अंडं.

"तुमचा पाय असा. ऐनाच्या झाडावर चढणार कसं? म्हून म्याच उतरवून आणलं."

"आन् मादी?"

"ती गेली उडून. तुमाला घरटंच पायजे व्हतं न्हवं?"

मानसिंगनं अंड्याला हात लावला. गार होतं. कोंडीबाचं नरडं धरावं, असं त्याला वाटलं. पण झाडाच्या सालीनं त्या बाप्याचे दोन्ही दंड सोलून निघाले होते. एवढा संताप, आणि काढायचा कुणावर?

"बसा की, भाकरी निवंल," बनुबाई म्हणाली.

तो पाटावर बसला. "लय उपकार झालं," कसाबसा म्हणाला, आणि पहिला घास पाण्याबरोबर ढकलला.