अठरावा प्रश्न

भाषांतरकार मोठ्या ऐटीत रुग्णवाहिकेच्या फोन-कक्षात आला. इथली प्रश्नांची कार्डं त्याच्याच हातची, आणि त्यातल्या अठराव्या प्रश्नावर त्याचा भारी जीव. गार आणि ओलसर पडलेल्या अंगासाठी त्यानं तीन दिवस डोकं खाजवून शब्द घडवला होता: शीतस्वेदित. समितीनं त्याची पाठ थोपटली होती. आज साहेबांनी त्याला जादा हेडफोन देऊन बसवलं. अट एकच, तोंड उघडायचं नाही.

दुपारी फोन वाजला. "अहो, ह्यांना कसंतरीच होतंय. नुसते खुर्चीत बसून राहिलेत," पलीकडून एक आजी म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत फोन घेणारी ताई कार्ड अक्षरन् अक्षर वाचू लागली. एक शब्द बदलला तरी इथे नोकरीवर गदा यायची. छातीत दुखतंय? नाही. धाप लागतेय? नाही.

"रुग्णाची त्वचा शीतस्वेदित आहे का?"

आजी घाईघाईनं म्हणाल्या, "छे हो, तसलं काही नाही. आम्ही साधी माणसं."

ताईनं 'नाही'वर खूण केली. गाडी साध्या रांगेत गेली, म्हणजे निदान तासभर.

भाषांतरकाराच्या ध्यानात आलं. आजींना ओ की ठो कळलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली होती. तो चुळबुळला, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. काचेपलीकडे साहेब उभेच होते. ताई फोन ठेवणार, तेवढ्यात त्यानं तिचा माईक ओढला.

"आजी, त्यांच्या मानेला हात लावा. फ्रिजमधून काढून ठेवलेली बाटली बाहेरून लागते, तसं लागतंय?"

"अगं बाई, अगदी तस्संच! मघापासून पुसतेय, पुन्हा ओलं होतंय."

ताईनं तडक लाल बटण दाबलं. गाडी सहा मिनिटांत पोचली. आणखी उशीर झाला असता तर आजोबा हातचे गेले असते, असं गाडीवरच्या डॉक्टरनं कळवलं.

"वाचले!" भाषांतरकाराचा जीव भांड्यात पडला. साहेब काय बोलायचं ते बोलोत, त्याला जरा मिरवावंसंही वाटलं.

ताई मात्र कार्डाकडेच बघत होती.

"दोन वर्षं वाचतेय हे," ती म्हणाली. "अठराव्याला आजवर एकानंही हो म्हटलं नाही. मला वाटायचं, क्वचित कुणाला होत असेल."