सुनांचा तांब्या

मनीषनगरातल्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाड्या बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. नत्थूमहाराज आले होते. बाईचा दोष तिच्या हातावरची हळदच बोलून दाखवते, असं त्यांचं म्हणणं. समोर दोन तांबे; महाराज एकातलं पाणी ओतणार, त्यानं हात धुवायचे, ओल्या तळव्यावर हळद घ्यायची. पिवळी राहिली तर बाई निर्मळ. लाल झाली तर तिची सावलीच वाईट.

सासूबाईंची हळद पिवळी राहिली. मयुराची लाल झाली.

तिची सात महिन्यांची लेक वेदिका आजीच्या मांडीवर होती. जुलाब लागल्यापासून पोर वजन धरत नव्हती, म्हणून सासूबाईंनी, प्रेमिलाबाईंनी, सुनेला इथं आणलं होतं.

"ब्रह्मांडाची लहर उलटी फिरून राहिली," महाराज डोळे मिटून म्हणाले. "एकवीस दिवस लेकरू आईच्या अंगावर पाजायचं नाही. सावलीत आणायचं नाही."

"उद्याच गावाले, खाप्याले घेऊन जाते मी पोरीले," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

मयुरानं आजूबाजूला पाहिलं. नवरा बंगळुरूला, माहेर पारशिवनीला. लिफ्टमध्ये रोज हसणाऱ्या बायका जरा सरकून बसल्या. दीड वर्षात या इमारतीत तिला सोबत होती ती एका रसायनशास्त्राच्या पुस्तकाची; लेक झोपली की ती प्राध्यापकीच्या सेट परीक्षेसाठी ते उघडायची. तिनं बोटं एकमेकांवर चोळली. साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागली.

"महाराज, आईंचे हात कोणत्या तांब्यातून धुतले होते?" तिनं सासूबाईंकडे पाहत विचारलं.

"डावा सासवांचा, उजवा सुनांचा. शास्त्र आहे ते."

"मग आईंचे उजव्यातून धुवा."

"शास्त्रात बसत नाही."

"काहून नाही बसत?" दुसऱ्या मजल्यावरच्या देवकीबाई म्हणाल्या.

"धुवा ना, मले कायचं भेव?" प्रेमिलाबाईंनी वेदिकाला देवकीबाईंकडे देऊन ऐटीत हात पुढे केले. महाराज हलेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच उजवा तांब्या ओतून घेतला. हळद घेतली.

लाल झाली. प्रेमिलाबाईंनी तो तळवा अंगापासून दूर धरला.

"घाबरू नका, आई." मयुरानं पूजेच्या ताटातलं लिंबू त्या तळव्यावर पिळलं. लाली गेली, हळद पुन्हा पिवळी. "उजव्या तांब्यात चुन्याची निवळी आहे. चुन्यासारख्या अल्कलीत हळद लाल होते, लिंबासारख्या आम्लात पिवळी. यात सावली नाही अन् दोषही नाही."

"चुना दिसून राहिला का कोणाले? पाणी आहे हे," महाराज म्हणाले.

मयुरानं ते पाणी ग्लासात घेतलं आणि एका पोराच्या रसाच्या पाकिटाची नळी घालून हळूहळू फुंकत राहिली. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं नितळ पाणी दुधासारखं झालं. डाव्या तांब्यातलं कितीही फुंकलं तरी तसंच नितळ राहिलं.

"वरणाचा डाग साबण लावला का लाल होते," प्रेमिलाबाई पुटपुटल्या. "तसंच का वं हे?"

"तसंच, आई."

त्यांनी देवकीबाईंकडून वेदिकाला घेऊन मयुराच्या कुशीत दिलं. बायका खाली मान घालून निघून गेल्या.

लेकराला जुलाब झाले तर त्याला डॉक्टरकडे न्या, आईपासून तोडू नका. आणि बायांनो, दुसरीच्या तळहातावरची लाली पाहून मागं सरकण्याआधी एवढं तरी विचारा, की तिच्या हातावर पाणी कोणी ओतलं.