गॅलरीची कडी

हेतांश सातव्या महिन्यातच जन्मलेला. तीन वर्षांचा झाला तरी बोटांत जोर नव्हता; धरलेला चमचा निसटायचा. घरीच त्याच्या हातांना काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून भाविशा त्याला कणकेचा गोळा दाबायला द्यायची, बाटलीत मूग टाकायला लावायची. पण सासूबाई, कंचनबा, देवळात गेल्यावरच. बा घरात असल्या की पोराचा पाय जमिनीला लागत नसे. "नातवाला माझ्या मजूर करायचाय का, वहू?" असं विचारायच्या. नवरा आईपुढे तोंड उघडत नसे. भावनगरमधल्या त्या चौथ्या मजल्यावर भाविशाचा जीव घुसमटायचा.

त्या दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत असताना मागे दार लागलं आणि कडी सरकली. खिडकीच्या जाळीतून हेतांश हसत होता. कडी त्यानं स्वतः लावली होती! तिला क्षणभर आनंदच झाला. मग आठवलं, मोबाइल आत आहे आणि गॅसवर दूध.

कडी लावायला नुसती ढकलली की झालं. उघडायला मात्र दांडी चिमटीत धरून, वर उचलून ओढावी लागे. हेतांशची बोटं घसरत राहिली. तो रडायला लागला. तेवढ्यात दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅसचा वास जाळीपर्यंत आला. तिनं खाली हाका मारल्या. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग पुढचं दार वाजलं. बा देवळातून आल्या होत्या, पण तेही दार आतून बंद, कडी पोराच्या हाताला न पुरणारी.

"ये माझ्या दीकरा, कडेवर घेते," बांचा आवाज आला. हेतांश तिकडे धावला.

भाविशानं ओरडून गॅसचं सांगितलं. मग बा बारीक आवाजात म्हणाल्या, "जा दीकरा. मम्मी सांगते तसं कर."

तो परत आला. "मूग उचलतोस ना, तसं धर," भाविशा शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. त्यानं दोन्ही हात लावले. दांडी उचलली गेली, पुन्हा पडली, पुन्हा उचलली गेली. कडी सुटली.

तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मग बांना आत घेतलं. बा पोराची सोललेली बोटं कुरवाळत रडल्या.

दुसऱ्या दिवशी बांनी सुतार बोलावून गॅलरीची कडी दाराच्या पार वर, पोराचा हात पोचणार नाही अशी बसवून घेतली. रात्री थेपल्याचा घास त्यांनीच हेतांशच्या तोंडाशी नेला. त्यानं हात मांडीवर ठेवून आ केला. भाविशा पोळपाटावरून बघत राहिली.