बांधावरची रेल

कडेगावात बर्फ दोनच ठिकाणी मिळतो, रसवंतीवर आणि मासळीच्या पेटीत. तरीही तालुक्याचे पुढारी आप्पासो यांनी गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या बांधावर ‘तालुका हिमक्रीडा प्रशिक्षण केंद्र’ असा फ्लेक्स लावला, तेव्हा बिराप्पाला हसून हसून ठसका लागला. फ्लेक्सवर बर्फाचे डोंगर होते, डोंगरांवर हात जोडलेले आप्पासो होते आणि खाली शुभेच्छुक म्हणून एकोणीस डोकी होती. त्या एकोणिसांतल्या एकानंही रसवंती आणि मासळीच्या पेटीबाहेर बर्फ पाहिलेला नव्हता.

बिराप्पानं पाहिला होता. सतरा वर्षं लष्करात काढलेली, त्यातली सहा काश्मीरात, जवानांना बर्फावरनं घसरायला शिकवण्यात. निवृत्त झाला तो हवालदार म्हणून, पण आमच्या भागात लष्करातनं आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळं तोही मेजर. मेजरची गावात दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक, तो कधी खोटं बोलत नाही. दोन, त्याला कुणाचंच काही पटत नाही. सरपंचाचं भाषण, शेजाऱ्याचा ऊस, जावयाची गाडी, सगळ्यावर त्याचं एकच मत असायचं: “ह्ये काय खरं न्हाई.”

आप्पासो स्वतः घरी आले आणि म्हणाले, पोरांना शिकवा, तेव्हा त्यानं नाहीच म्हटलं असतं. पण त्याची बायको रंगुबाई चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “आवं, घरात बसून माज्या भाकरीला नावं ठेवण्यापरास तिकडं जावा की.” आप्पासो हसले. बिराप्पा गेला.

सोय मात्र झकास होती, हे त्यालाही कबूल करावं लागलं. सांगलीतलं एक टर्फ क्रिकेटचं मैदान बंद पडलं होतं, त्याचं हिरवं नकली गवत आणून बांधाच्या उतारावर अंथरलेलं. त्यावर टाकीतनं पाणी सोडायचं, भांडी घासायचा साबण शिंपडायचा, की घसरायला उतार तयार. उताराच्या मध्यावर गुडघाभर उंचीच्या लोखंडी घोड्यांवर पाणी योजनेचा काळा पाइप बसवलेला, वीस फुटांचा. ही रेल. पाइप बसवला होता कुंडलच्या मुजीबभाईनं. पाइप जोडणं हा त्याचा धंदाच, आणि सांधा असा जोडलेला की हात फिरवला तरी कळू नये. बिराप्पानं हात फिरवला आणि काही बोलला नाही. त्याच्या तोंडून कौतुक याहून जास्त निघत नसे.

शिकायला आले बारा जण. कशासाठी, ते लपलेलं नव्हतं. फेब्रुवारीत काश्मीरात राष्ट्रीय स्पर्धा. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरायचं, असल्या खेळाला महाराष्ट्रातनं उतरतंय कोण? उतरलं की राष्ट्रीय खेळाडू, आणि मग पोलीस भरतीत खेळाडू कोटा. एवढ्यासाठी ज्यांनी आयुष्यात गार पाण्यानं आंघोळ केली नाही, ती पोरं बर्फाचे चष्मे लावून ऊसतोडीच्या उन्हात उभी होती. सगळ्यात महागडा चष्मा आप्पासोंच्या राजवर्धनचा.

“नावं सांगू नका,” बिराप्पा म्हणाला. “ध्यानात ठेवण्याजोगं कायतरी करा, मग ठेवीन.” आणि त्यानं एक ते बारा नंबर दिले. राजवर्धन चार नंबर. मुजीबभाईची अल्फिया, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेली, अकरा नंबर.

पहिल्या आठवड्यात मात्र त्यानं मन लावून शिकवलं, हे नाकारता येणार नाही. उतारावरनं सरळ यायचं, उडी मारून पाइपावर चढायचं, चढता चढता फळी आडवी करायची, तशीच आडवी पार टोकापर्यंत घसरत न्यायची, आणि उतरताना पुन्हा सरळ. मागं रेललं की फळी पुढं निसटते आणि माणूस पाठीवर. फळीची कड लागली की माणूस तोंडावर. “पायाकडं बगू नगा. पाइपाच्या टोकाकडं बगा. टोक जिकडं, तिकडं तुमी.” पन्नाशीच्या माणसानं एकदा करूनही दाखवलं. ढगळ पँट, डोक्याला रुमाल, आणि असा गेला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. बिराप्पाला टाळ्या आवडल्या नाहीत असं म्हणवत नाही.

मग बारा जण पडायला लागले. धपाधप पडायचे, रोज, दोन-दोन तास. तीन नंबर पडला की आई आठवायचा, सात नंबर पडायच्या आधीच ओरडायचा, राजवर्धन पडल्यावर पाइपाकडं असं बघायचा जणू पाइपानंच त्याला मुद्दाम पाडलं. आठव्या दिवशी बिराप्पाला उबग आला. त्यानं खुर्ची फिरवली आणि तलावाकडं तोंड करून बसला. तलावात निदान बगळे होते, आणि बगळ्यांना भरतीत जायचं नव्हतं.

त्याला बघायची गरजच काय होती? बर्फावरचा माणूस तो, त्याला आवाजावरनं कळायचं. धप्प झालं की पडला. मग तो म्हणायचा, “पुढचा.” आणि धप्प झालंच नाही, तर पोरगं पाइपाला बगल देऊन गवतावरनं खाली उतरलं असणार, अशी त्याची ठाम खात्री. घाबरट लोकांची ती जुनी युक्ती, त्यानं जवानांतसुद्धा पाहिली होती. मागनं आवाज यायचा, “झालं मेजर.” हा म्हणायचा, “कळलं. पुढचा.” असे तीन महिने गेले. चहाच्या टपरीवर तो रोज एखाद्या नंबराची नक्कल करून दाखवायचा, आणि टपरी खदखदून हसायची.

डिसेंबरात राज्य संघटनेचा कागद आला. बारा नावं, नावापुढं एक रकाना: रेल पूर्ण केली, होय की नाही. खाली प्रशिक्षकाची सही. आप्पासोंनी त्याला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पेन दिलं.

“मेजर, राजवर्धनचं तेवढं ध्यानात असू द्या.”

हीच वेळ होती, जिची बिराप्पा तीन महिने वाट बघत होता. त्यानं पेन उघडलं आणि वरनं खालपर्यंत बारा वेळा ‘नाही’ लिहिलं. एका दमात, कुठं न थांबता. खाली ठसठशीत सही केली आणि कागद आप्पासोंपुढं सरकवला.

“ध्यानात हाय की. म्हणून तर लिवलं.”

आप्पासोंचा चेहरा पडला. पण बारीक आवाजात एवढंच म्हणाले, “तुमचा शब्द शेवटचा, मेजर,” आणि कागद पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कडेगावाला कळलं की मेजरनं आप्पासोंच्या पोराला तोंडावर नापास केला. टपरीवाल्यानं चहा आग्रहानं पाजला. बिराप्पा तीन दिवस छाती काढून चालला. रंगुबाई एवढंच म्हणाली, “बाराच्या बारा? एकबी न्हाई?” त्यानं ते कानाआड टाकलं. रंगुबाईला स्नोबोर्डातलं काय कळतं?

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तो फळ्या गोळा करायला बांधावर गेला. केंद्र बंदच झालं होतं, माणूस नव्हतं. पण गवत ओलं होतं, साबणाचा वास येत होता, आणि उताराच्या वरच्या टोकाला अल्फिया उभी होती. दोन्ही पाय फळीला बांधलेले, ओढणी कमरेला घट्ट बांधून घेतलेली. तिनं त्याला पाहिलं नाही. निघाली.

बिराप्पा आपोआप ऐकायला लागला. धप्प झालंच नाही. पण या वेळी डोळे तिकडंच होते. ती सरळ आली, गुडघ्यांतनं हलकी उचलली गेली, फळी पाइपावर आडवी टेकली. कड नाही, तळ. खांदे सरळ, नजर टोकावर. वीस फूट सर्रकन गेली, टोकाला फळी सरळ केली आणि उतरून तोल सावरत थांबली. चूक काढायला बिराप्पाला काही सापडलं नाही. सापडावी म्हणून त्यानं मनातल्या मनात ते दुसऱ्यांदा बघितलं, तरी सापडली नाही.

“कवापास्नं जमतंय?” त्यानं मागनं विचारलं.

ती दचकली. मग फळीचे पट्टे सोडायला खाली बसली. “दीड महिना झाला.”

“मग बोलायला काय झालतं?”

“बोलत हुते की. रोज. झालं मेजर, झालं मेजर. तुमी म्हणायचा, कळलं, पुढचा.” तिनं वर पाहिलं नाही. “फळी द्यायला आले हुते. शेवटचं एकदा करावं म्हणलं. अब्बांनी बंद केलं. म्हणले, मेजर खोटं लिवणार न्हाईत. म्हंजे तूच खोटं बोलत हुतीस. दीड महिना घरात सांगतीया मी, जमलं म्हणून. आता माज्या बोलण्यावर कुणाचा इस्वास न्हाई.”

बिराप्पानं गोळा करायच्या फळ्या तशाच सोडल्या. तो म्हणाला, “चल घरी. मी येतो.” आणि तिच्या स्कुटीमागं आपली मोटारसायकल काढली.

कुंडलपर्यंतच्या रस्त्यात त्यानं मार्ग काढला. संघटनेचं ऑफिस शनिवारपर्यंत फेरविचाराचे अर्ज घेणार होतं, प्रशिक्षकाचं पत्र असेल तर. पत्रात लिहायचं की आज फेरचाचणी घेतली, अकरा नंबर पास. पोरीचं काम झालं, आणि आपला शब्दही शाबूत. हुशार माणूस. एवढी हुशारी त्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या अंगी कधी खपवून घेतली नसती.

मुजीबभाई अंगणात पाइपाची तोंडं तापवत बसला होता. बिराप्पाला बघून उठला, हात पुसले, खुर्ची दिली, आत चहा सांगितला. “मेजर, तुमी आलासा, लय बरं वाटलं. गावात समदे म्हणत्यात, आप्पासोच्या पोरालाबी सोडलं न्हाई. असा माणूस ऱ्हायला न्हाई आता.”

“मुजीबभाई, आज पुन्यांदा बगितलं पोरीचं. जमलं तिला. मी पत्र देतो.”

मुजीबभाईचा चेहरा उजळला. मग तो पोरीकडं वळला आणि हळू, पण कडक आवाजात म्हणाला, “बग. आज जमलं. म्हंजे तवा येत नव्हतं. मी काय म्हणलो हुतो? दीड महिना बापाला फसवलंस. पयलं मेजरची माफी माग.”

अल्फिया दाराला टेकून उभी होती. तिनं फक्त बिराप्पाकडं पाहिलं, आणि बघतच राहिली.

चहा आला. बिराप्पानं कप घेतला, खाली ठेवला, परत घेतला. सतरा वर्षांची नोकरी, गावात मिळालेला मान, टपरीवरचा तो हशा, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं, आणि तो शब्द त्यानं आपल्या हातानं बारा वेळा लिहिला होता.

“माफी तिनं मागायची न्हाई,” तो म्हणाला. “पोरगी खरं बोलत हुती. खोटं मी लिवलं.”

“काय म्हणता मेजर?”

“मी बगितलंच न्हाई, मुजीबभाई. खुर्ची फिरवून बसलो हुतो. कुणाला जमंल, ह्येच मला पटत नव्हतं.”

मुजीबभाईनं चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, बिराप्पाचाही. मग पोरीला म्हणाला, “कागद आण.” तिच्याकडं त्याला बघवेना.

अल्फियानं वहीचं पान फाडून आणलं. बिराप्पानं गुडघ्यावर धरून लिहिलं: ‘मी खाली सही करणार प्रशिक्षक लिहून देतो की, अल्फिया मुजीब हिच्या नावापुढं मी ‘नाही’ असं लिहिलं ते तिची चाचणी न बघता लिहिलं.’ सही करायला पेन टेकवणार, तोच ती खांद्यावरनं वाचून म्हणाली,

“फकस्त माजंच?”

“तुज्यापुरतंच हवंय न्हवं?”

“राजवर्धनबी शेवटच्या पंधरा दिसांत तीनदा टोकापर्यंत गेला. माज्या डोळ्यांदेखत. सात नंबर दोनदा. त्यांचंबी तुमी ऐकलंच फकस्त.”

राजवर्धन! त्या चष्मेवाल्याला आपल्या हातानं ‘होय’ची वाट मोकळी करून द्यायची, म्हणजे उद्या आप्पासो हा कागद फ्लेक्सवर छापणार. टपरी आता आपल्याच नकलेवर हसणार. बिराप्पानं तिच्याकडं पाहिलं. तिला हे सगळं कळत होतं, आणि तरीही ती त्याच्या हातातल्या पेनाकडं बघत होती, ढळली नाही.

“तुजं नाव काय म्हणलीस?” त्यानं विचारलं. कागदावर लिहिलेलं होतं, तरी विचारलं.

“अल्फिया.”

“आन् सात नंबरचं?”

“तुमी विचारलंच न्हाई कदी.” मग जरा थांबून म्हणाली, “रविराज. समद्यांची सांगते. लिवा.”

तिनं एकेक नाव सांगितलं, आणि बिराप्पानं ‘हिच्या’ खोडून पहिल्यांदा बाराही नावं लिहिली. मुजीबभाई तापलेला पाइप थंड होऊ देऊन बाजूला उभा राहिला आणि बिराप्पाची सही होईपर्यंत हलला नाही.