आधी दाबा, मग फिरवा

मी झाकण बोलतोय. हसू नका. डब्याचं किंवा बरणीचं साधंसुधं झाकण नव्हे, औषधाच्या बाटलीचं. माझा जन्म कायद्याने झालाय. लहान मुलांच्या हाती औषधं लागून नको ते घडायला लागलं, तेव्हा सरकारने नियम केला की गोळ्या मुलांना उघडता येणार नाहीत अशाच बाटलीत विकायच्या. म्हणून माझ्या डोक्यावर कोरलंय, 'आधी दाबा, मग फिरवा'. नुसतं फिरवलंत तर मी कटकट करत जागच्या जागी फिरत राहतो, दाद देत नाही.

मी ज्या घरात आलो तिथे आजोबा होते, नोकरीवाले मुलगा आणि सून, पाच वर्षांची नात आणि दोन वर्षांचा नातू. धाकट्याच्या जन्मापासून नातीला सगळे ताई म्हणत. गोळ्या आजोबांच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या.

दुकानातच माझ्यावरून वाद झाला. मुलांचे बाबा साधं झाकण मागत होते. औषधवाला म्हणाला, आता तसं विकता येत नाही. तेव्हा बाबा तडकले.

"माझी मुलं आहेत. त्यांना कशापासून जपायचं ते मी बघेन. सरकारने माझ्या घरात नाक खुपसू नये."

खरं सांगतो, मला ते पटलं. सरकार काय रोज दुपारी त्यांच्या घरी येऊन बसणार होतं? बघेन म्हणाला ना बाप, मग बघेल, असं मी धरून चाललो.

कुणीही बघितलं नाही. आजोबांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. दाबावं तर फिरवता येईना, फिरवावं तर दाब सुटे. नियम करणाऱ्यांनी मुलांच्या बोटांचा विचार केला, म्हाताऱ्यांच्या बोटांचा करायला विसरले. त्यांचाही मला राग येतो. पण घरातल्यांचं काय? मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणायचा, जरा जोर लावा. सून म्हणायची, संध्याकाळी बघते. निघण्याआधी दोन गोळ्या वाटीत काढून ठेवायला असा किती वेळ लागतो हो?

शेवटी एकदा ताईनेच बाटली ओढून घेतली. जीभ बाहेर काढून तळहाताने मला दाबलं आणि फिरवलं. उघडलो की मी! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग कौतुकाला नुसता ऊत आला. पाहुणे आले की ताईला पुढे करायचं. "सरकारी झाकणाला आमच्या ताईने पाणी पाजलं," असं बाबा छाती फुगवून सांगायचे आणि मोठमोठी माणसं टाळ्या वाजवायची. अरे, जिच्यापासून गोळ्या जपायच्या तिलाच उघडायला लावता? आणि वर टाळ्या? मी आतल्या आत जळत होतो. आजोबांना गोळी हवी झाली की ताईला हाक जायची. तिला सोयीचं पडावं म्हणून बाटली टीव्हीखालच्या फळीवर आली.

त्या दुपारी आजोबांचा डोळा लागला होता. धाकटा सोफ्यावरून पडला, गुडघा धरून रडायला लागला. ताईने फुंकर घातली. आजोबांना हाक मारली, ते जागे झाले नाहीत. गुडघा दुखला की काय द्यायचं हे तिला ठाऊक होतं. आधी दोन दिल्या. रडणं थांबेना म्हणून आणखी दिल्या. वर पाणी दिलं. मला परत घट्ट लावलं. त्या घरात तेवढ्या दुपारी जबाबदारी घेणारी ती एकटीच होती.

धाकटा वाचला, पण हॉस्पिटलात नळ्या लावून. बाटली सोबत नेलेली, त्यामुळे मी सगळं ऐकलं. असली झाकणं पोरांना उघडतातच कशी, सरकार झोपलंय का, म्हणून बाबा तणतणत होते. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "बाटली उघडली कुणी?"

बाबांनी ताईकडे बोट दाखवलं.

मी बघेन म्हणणारा हाच माणूस. मला तोंड असतं तर त्या बोटाला कडकडून चावलो असतो.

आता मी कपाटाच्या माथ्यावर असतो. सून रोज सकाळी गोळ्या वाटीत काढून आजोबांच्या हातात देते. कपाट पहिल्यापासून तिथेच होतं, वाटीही घरचीच. कायदा हवा की नको, यावर तुम्ही खुशाल भांडा. पण मुलं माझी आहेत असं म्हणाल, त्या दिवसापासून त्यांच्याकडे बघा. मी प्लास्टिकचा आहे. माझ्या भरवशावर मूल सोडू नका.

काल ताई शाळेतून आली आणि आपली पाण्याची बाटली आईसमोर धरून म्हणाली, तू उघड. हल्ली ती काहीच उघडत नाही. दोन घोट प्यायली, आईकडून झाकण लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, ही पण कपाटावर ठेव. बाळाचा हात पुरेल."

बाटलीत नुसतं पाणी होतं.