‘रन’ आणि चेअरमनची खुर्ची

“नाक!” थिओ मास्तरांनी काठी आपटली. “लिओनाचं नाक. सकाळपासून रन!”

लिओना उठली, बाहीनं नाक पुसून “खरं” म्हणाली आणि बसली.

कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरच्या टी-मीटिंगचा, म्हणजे भाषणं-गाण्यांच्या गावजलशाचा, हा जुना खेळ. इंग्रजीतला एक शब्द धरायचा, आळीपाळीनं त्याचा नवा वापर सांगायचा, तोही समोरच्याच कुणावर. त्या माणसानं उभं राहून “खरं” म्हणायला हवं. अडला तो हरला. आज पणाला चेअरमनची खुर्ची होती. मास्तर तिच्यात सव्वीस वर्षं बसले होते, आणि तिच्याबाहेर आपल्याला कुत्रंही विचारत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

दुपारपासून ओढे वाहून झाले होते, दुकानं चालवून झाली होती. पाद्रीणबाईंच्या मोज्याची वीण उसवली, त्यांचा भाऊ निवडणुकीला उभा राहून पडलाही. सगळा भार ‘रन’ या तीन इंग्रजी अक्षरांच्या खेचरावर. खिडकीतल्या शेळ्यासुद्धा आता चुका काढतील असं वाटत होतं.

“ताप,” कस्टममधला ॲल्विन म्हणाला. तो मास्तरांचाच शिष्य, आज त्यांचाच प्रतिस्पर्धी. “काल मास्तरांच्या अंगात तापानं रन केलं.”

“खरं,” मास्तरांना म्हणावंच लागलं.

“म्हातारा तापलाय! पाणी ओता रे!” मागच्या बाकांवरून ओरडा झाला आणि काठ्यांचा ठोका सुरू झाला. दहा ठोक्यांची मुदत. सातव्याला मास्तरांची नजर तिसऱ्या रांगेतल्या एर्मिनवर पडली.

“पत्र! पत्रातला मजकूर रन होतो. एर्मिनच्या जोसायाचं पत्र असं: ‘लाडके आई, अरूबा बेटावर मी सुखात आहे. गुडघ्याला तेल लावत जा.’”

“जोसायाची बोट बुडाली म्हणतात, सहा वर्षं झाली,” ॲल्विन हसत म्हणाला. “पत्र लिहिलं कुणी? खरं बोला, मास्तर, नाहीतर खुर्ची सोडा.”

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं.

“एर्मिननं,” ते म्हणाले. “दर नाताळाला. तीच लिहिते, तीच शेजारणींना वाचून दाखवते.”

काठ्या थांबल्या. एर्मिन उभी राहिली. तिनं नुसतं “खोटं” म्हटलं असतं तरी खेळ संपला असता. तिनं डोक्यावरची हॅट नीट केली.

“खरं. अक्षर माझं. मजकूर मास्तरांचा. मला कुठलं एवढं सुचायला?”

बाकं दणाणली. ॲल्विननं हार मानून मान झुकवली. मास्तरांना चौघांनी उचलून खुर्चीत बसवलं. गळ्यात हार पडला.

गर्दीतून वाट काढत एर्मिन जवळ आली. आवाज नेहमीसारखाच, अदबीचा.

“मास्तर, आता एक शेवटचं पत्र सांगा. जोसाया बुडाला म्हणून. लिहीन मी. तेवढं मला रचता येत नाही.”

“भाषण!” मागून आरोळी उठली. “बोला, चेअरमन, बोला!”